एन एकेचाळीस आणि आइस्क्रीमची बादली

ऑर्विल हाल्वरसनने आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या. एक म्हणजे ट्रॅक्टर खोलणं आणि दुसरी म्हणजे दर बुधवारी दुपारी टॅमरॅक क्रॉसिंग या आमच्या गावच्या हॉलमध्ये बिंगोचे आकडे पुकारणं. खोललेले ट्रॅक्टर तो परत जोडायचाही, पण जोडून झाल्यावर दर वेळी एखादा बोल्ट उरायचाच. तो बोल्ट ऑर्विल कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायचा आणि मालकाला सांगायचा, "कारखान्यातले लोक घाबरट असतात. एकाच्या जागी दोन लावून ठेवतात." बत्तीस वर्षांत असे अकरा डबे भरले. एकही ट्रॅक्टर त्या कारणासाठी परत आला नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

ट्रॅक्टरच्या कामातून तो निवृत्त झाला, बिंगोतून होणं शक्यच नव्हतं. लग्न त्याने केलं नव्हतं. गावापासून वीस किलोमीटरवर त्याचं घर, घरात एक म्हातारा कुत्रा आणि सहा महिने बर्फ. आठवड्याचे सहा दिवस तो कुत्र्याशी बोले. बुधवारी मात्र साठ माणसं त्याच्या तोंडाकडे बघत बसत, आणि तो त्यांना हसवी. एवढ्या एका दुपारच्या जोरावर बाकीचे सहा दिवस निघत.

आकडे पुकारणं म्हणजे यंत्रातून उडून आलेला चेंडू उचलायचा, त्यावरचं अक्षर आणि आकडा वाचायचा, लोकांनी कार्डावर बी, आय, एन, जी, ओ यांतल्या त्या रकान्यात ठिपका द्यायचा आणि ओळ भरली की बिंगो म्हणून ओरडायचं, एवढंच वाटत असेल तर तसं नाही. तसं शेजारच्या गावात करतात. ऑर्विलच्या प्रत्येक आकड्यामागे गावातलं कुणीतरी उभं असायचं. बी नऊ निघाला की तो ओरडायचा, "बी नऊ! लिंडक्विस्टच्या घरात मुली!" आणि अख्खा हॉल उत्तर द्यायचा, "आणि न्हाणीघर एक!" नऊ मुलींचा बाप मार्व्ह लिंडक्विस्ट मान खाली घालून सूप प्यायचा. ऑर्विलच्या पुकारण्याच्या सव्वीस वर्षांत त्याच्या सगळ्या मुली सासरी गेल्या, दुसरं न्हाणीघरही झालं, पण हॉलने ते कधी मान्य केलं नाही.

सगळ्यांत लाडका आकडा होता एन एकेचाळीस.

"एन एकेचाळीस!" ऑर्विल खुर्चीतून अर्धा उठायचा. "उणे एकेचाळीस! यारेम्कोबाईंच्या लग्नाचा दिवस!"

"आणि नवरदेव उशिरा!" हॉल गरजायचा.

मग पहिल्या टेबलावरून यारेम्कोबाई मान वर न करता, कार्डांवर शाईचे ठिपके देत देत ठसक्यात म्हणायच्या, "गाडी गोठली होती हो त्याची!" की खेळ पुढे सरकायचा. त्यांच्या लग्नाच्या दिवशी थर्मामीटरचा पारा खरंच उणे एकेचाळीसवर होता. ॲग्नेस यारेम्को आता ऐंशीच्या होत्या. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी तिसरीत गणित शिकवलं होतं, ऑर्विललाही, आणि ऑर्विलच्या गणिताबद्दलचं त्यांचं मत तेव्हापासून बदललेलं नव्हतं. त्यांचे यजमान वॉल्टर जाऊन पाच वर्षं झाली होती. बाई एका वेळी बारा कार्डं खेळत आणि शेजारणीने चमचा वाजवला तरी डोळे वटारत.

आणि मग ऑर्विलचा आवाज बसला.

आधी वाटलं सर्दी आहे. सर्दी दोन महिने राहिली. शेवटी शहरातल्या डॉक्टरने घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरयंत्रावर गाठी आहेत, जिवाला धोका नाही, पण इतकी वर्षं इंजिनांवरून ओरडून तिथलं सगळं झिजलंय. "कुजबुजल्यासारखं बोला. ओरडलात तर तेवढंही राहणार नाही."

हॉलचा जुना माइक कधीच जळून गेला होता, आणि इतकी वर्षं कुणाला त्याची गरजही भासली नव्हती. ऑर्विल कुजबुजत पुकारू लागला. एका दमात जास्त बोलवेना, म्हणून मुली गेल्या, न्हाणीघर गेलं, उणे एकेचाळीसही गेलं. उरले नुसते आकडे, आणि तेही मागच्या टेबलांपर्यंत पोचेनात. "काय म्हणाला? ओ सत्तर की सत्तावन्न?" "अरे, सत्तावन्न जीमध्ये असतो, गाढवा!" अशी दर बुधवारची भांडणं सुरू झाली. वर्षभर लोकांनी सोसलं. लोक भले आहेत, पण बिंगो तो बिंगो.

जानेवारीत हॉलच्या अध्यक्षा डार्लीन फेर त्याच्या टेबलाशी येऊन बसल्या. डार्लीनबाई वाईट नव्हत्या. त्या फक्त प्रत्येक गोष्ट लवकर उरकणाऱ्या होत्या.

"ऑर्विल, वाईट वाटून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "पण आता पहिल्या टेबलावरूनसुद्धा तक्रार आलीय. एक यंत्र मिळतंय. स्वतःच आकडा काढतं आणि स्वतःच बोलतं. बाईचा आवाज आहे. अगदी खणखणीत."

"बाई काय बोलते?" ऑर्विल कुजबुजला.

"आकडा बोलते. आणखी काय बोलणार?"

"मग मी काय करू?"

"तू खेळ की! सव्वीस वर्षांत एकदा तरी खेळलास का? मजा येते."

साठ जणांत एक होऊन, मान खाली घालून ठिपके देत बसायचं! त्यापेक्षा घरी कुत्रा बरा होता. "एप्रिलच्या शेवटच्या बुधवारपर्यंत थांब," तो म्हणाला. "त्या दिवशी मागच्या टेबलाला माझं सगळं ऐकू आलं नाही, तर आण तुझी बाई."

आता कुणी विचारेल, एक बरासा ॲम्प्लिफायर विकत का नाही आणला? असं विचारणारा आमच्या भागातला नसतो. जी वस्तू आपल्या शेडमध्ये बनू शकते ती दुकानातून आणणं म्हणजे शेजाऱ्याला बोलावून आपल्या गाईचं दूध काढून घेणं. ऑर्विलने तालुक्याच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गाला नाव घातलं. वर्गाचा प्रकल्पच होता, साधा ॲम्प्लिफायर.

वर्गात सगळे विशीतले, आणि शिकवणाऱ्या नोएल बोड्रीही जेमतेम तिशीच्या. पहिल्याच दिवशी ऑर्विल तासभर आधी पोचला, आणि बोड्रीबाईंनी त्याला जागा साफ करायला आलेला माणूस समजून झाडू कुठे आहे ते दाखवलं. त्याने झाडूनही काढलं. मग पहिल्या बाकावर जाऊन बसला.

पण हात चांगला होता. कथिलाचा डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, तो दोन दिवसांत शिकला. त्याचे जोड बघून बोड्रीबाई बाकीच्यांना म्हणत, "हे बघा, असं चमकायला हवं." अडचण होती ती भागांच्या आकाराची. ज्याने आयुष्यभर हातोड्याएवढे बोल्ट हाताळले, त्याला मसुरीच्या दाण्याएवढा कपॅसिटर दिला तर तो आधी शिंकायला घाबरणारच. तिसऱ्या आठवड्यात त्याने जाडा कपॅसिटर उलटा लावला, वीज दिली, आणि तो फटाक्यासारखा फुटून कागदाचा भुगा छतापर्यंत गेला.

"पट्टी असलेली बाजू उणे, ऑर्विल," बोड्रीबाई केसांतला भुगा झटकत म्हणाल्या. "अंगावर लिहिलेलं असतं."

"तुमच्या वस्तू फार बारीक अक्षरात धमकी देतात," ऑर्विल म्हणाला.

मार्चअखेर ॲम्प्लिफायर बोलू लागला. माइकमध्ये कुजबुजलं की स्पीकरमधून माणूस बोलल्यासारखं मोठ्याने येई. पहिल्यांदा स्वतःचा आवाज तसा ऐकला तेव्हा ऑर्विलने डोळे पुसले. धूर गेला डोळ्यांत, असं म्हणाला. धूर वगैरे काही नव्हता.

आता घोटाळा इथे झाला. प्रकल्पाच्या पुडीतले सगळे भाग लावून झाल्यावर ऑर्विलच्या तळहातावर एक पिवळा, चपटा, मसुरीएवढा कपॅसिटर उरला.

"हा माइकच्या तारेपाशी लावायचा," बोड्रीबाईंनी बजावलं. "तार म्हणजे ॲंटेनाच. बाहेरचं काहीबाही पकडते. हा ते जमिनीत, म्हणजे अर्थिंगमध्ये, पाठवतो. आणि सगळं पत्र्याच्या डब्यात बसवा. माइकला जाळीची तार वापरा."

ऑर्विलने तो लावून पाहिला आणि काढून पाहिला. आवाजात तसूभर फरक नाही. त्याच्या चेहऱ्यावर बत्तीस वर्षांचं समाधान पसरलं. बिचारे, इथेही घाबरटच आहेत! त्याने तो शर्टाच्या खिशात टाकला.

पत्र्याच्या डब्याचीही तीच गत. आमच्याकडे आइस्क्रीमची चार लिटरची प्लॅस्टिकची बादली टाकून द्यायची पद्धत नाही. तिच्यात बटाटे ठेवतात, खिळे ठेवतात, कोंबड्यांना दाणे नेतात, एकाने तर सासूच्या अस्थी नेल्या होत्या, झाकण घट्ट बसतं म्हणून. ऑर्विलकडे तसल्या चाळीस बादल्या होत्या. त्याने व्हॅनिलाची एक स्वच्छ धुतली, तिला भोकं पाडली आणि ॲम्प्लिफायर आत बसवला. माइकची तार म्हणून जुन्या टेबललॅम्पची सहा मीटर वायर जोडली. स्पीकर म्हणून बर्फावरच्या हॉकीच्या मैदानातला जुना भोंगा आणला. कॉलेजात सगळं झकास चाललं. हॉलमध्ये नेऊन बघावं असं त्याच्या मनातही आलं नाही. चाललेला ट्रॅक्टर दुसऱ्या शेतात बंद पडतो का?

आमच्या गावचा हॉल मात्र रेडिओ केंद्राच्या मनोऱ्यापासून दोन शेतं सोडून आहे.

एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी सूप झालं, ॲपल-पाय वाटून झाला आणि साडेबाराला ऑर्विलने बादली चालू केली. भोंग्यातून हळू आवाजात गिटार वाजू लागली.

"अरे वा! संगीतपण?" मार्व्ह लिंडक्विस्ट खूश झाला.

ऑर्विलने माइक उलटसुलट करून पाहिला. गिटार कुठून येतेय ते त्याला कळेना. पण साठ माणसं बघत होती, आणि कोपऱ्यात डार्लीनबाईंनी ते बोलणारं यंत्र चादरीखाली तयार ठेवलं होतं. त्याने चेंडू उचलला आणि माइकमध्ये कुजबुजला, "आय एकोणीस." ते मागच्या भिंतीवर आदळून परत आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्विलला वाटलं, गिटार तर गिटार. निभावून नेऊ.

पावणेएकला गिटार थांबली आणि एक भारदस्त पुरुषी आवाज हॉलमध्ये घुमला. दुपारचे बाजारभाव.

"जी बावन्न," ऑर्विल कुजबुजला.

"बासष्ट," भोंगा म्हणाला. "स्थिर."

साठ हात लगबगीने ओच्या रकान्याकडे गेले. ठप, ठप, ठप, ठिपके पडले. ऑर्विलने बादलीवर चापट मारली. ट्रॅक्टरला मारतात तशी. भोंगा जास्तच स्पष्ट झाला.

"कॅनोला सोळा. काल पंधरा."

"थांबा! हे नाही! हे मी नाही!" ऑर्विल जिवाच्या आकांताने कुजबुजत होता, पण त्या आवाजापुढे त्याचं कोण ऐकतो? एक शिकलेला माणूस सावकाश, एकेक आकडा सुटा करून सांगत होता. इतकं छान पुकारणं त्यांनी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

"बिंगो!" मार्व्ह लिंडक्विस्ट खुर्ची पाडून उठला.

डार्लीनबाईंनी त्याचं कार्ड तपासलं. "ओ बासष्ट निघालेलाच नाही."

"निघाला नाही कसा? 'बासष्ट, स्थिर' म्हणाला की!"

"मार्व्ह, ती डुकरं होती."

"बासष्टला?" मार्व्ह क्षणभर बिंगो विसरला. "मी सोमवारी एकोणसाठला विकली!" आणि डोकं धरून खाली बसला.

मग जो गोंधळ माजला तो काय सांगावा! निम्मा हॉल म्हणत होता की ऐकलेला आकडा तो आकडा. बाकीचा निम्मा बार्लीचा भाव काय म्हणून विचारत होता. या सगळ्यात डार्लीनबाई शांतपणे कोपऱ्यात गेल्या आणि त्यांनी यंत्रावरची चादर काढली.

"दहा मिनिटं," ऑर्विल त्यांच्यासमोर येऊन म्हणाला. "डार्लीन, हात जोडतो. दहाच मिनिटं."

"ऑर्विल, पुरे झालं रे आता."

"दे त्याला दहा मिनिटं," पहिल्या टेबलावरून यारेम्कोबाई म्हणाल्या. "तसाही त्याला हिशोब सोडवायला वर्गात सगळ्यांपेक्षा दहा मिनिटं जास्तच लागायची."

बादली काखेत मारून ऑर्विल स्वयंपाकघरात पळाला आणि तिथल्या फोनवरून बोड्रीबाईंना फोन लावला.

"बाई, माझा ॲम्प्लिफायर डुकरांचे भाव सांगतोय!"

पलीकडून बोड्रीबाईंनी विचारलं, "ऑर्विल, तो पिवळा कपॅसिटर कुठे आहे?"

ऑर्विलने खिशात हात घातला. "माझ्यापाशी आहे."

"तुमच्यापाशी. छान. आणि डबा कसला आहे?"

"...व्हॅनिला."

"अहो, मी काय सांगितलं होतं?" बोड्रीबाईंचा हसू आवरण्याचा प्रयत्न फोनवरही ऐकू येत होता. "स्वयंपाकघरात ॲल्युमिनियमचा कागद असेल. बादलीला आतून लावा, जमिनीच्या तारेला जोडा. ती वायर तोडून हातभर ठेवा. आणि तो कपॅसिटर लावा हो! उरलेला नाहीये तो!"

डाग द्यायची सळई ट्रकमध्ये होती. पण घाईत पिवळा दाणा दोनदा फरशीवर पडला. तिसऱ्यांदा तो एका सुरकुतलेल्या हाताने उचलला. यारेम्कोबाई आत आल्या होत्या. फोनवरचं कानावर पडल्यामुळे ॲपल-पायच्या ताटावरचा ॲल्युमिनियमचा कागद त्यांनी आधीच सोलून आणला होता.

"कुठे धरू?" त्यांनी विचारलं.

"बोट भाजेल, बाई."

"तुझी अक्षरं वाचून डोळे गेले, बोटाचं काय घेऊन बसलास?" त्यांनी भुवया काढायच्या चिमट्याने दाणा नेमका धरला. ऑर्विलने डाग दिला. चमकदार बसला.

"बाई," तो खाली बघतच म्हणाला, "तुम्हीच डार्लीनकडे तक्रार केली होती ना? यंत्र आणा म्हणून?"

"केली होती." बाईंनी चिमटा रुमालात गुंडाळला. "आकडे ऐकू येत नव्हते, आणि दुसरंही काही ऐकू येत नव्हतं. नुसते आकडेच ऐकायचे तर कुणाचेही ऐकले असते. चल, सात मिनिटं झाली."

बादली पुन्हा टेबलावर आली. माइकची तार आता इतकी आखूड की ऑर्विलला तिच्यावर वाकून बसावं लागलं. त्याने कळ दाबली. गिटार नाही, डुकरं नाहीत. भोंग्यातून फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याने पहिला चेंडू उचलला. घसा सांभाळायचा म्हणून आता काही आखडतं घ्यायची गरज नव्हती.

"बी नऊ," तो कुजबुजला, आणि ते मागच्या भिंतीपर्यंत गेलं. "लिंडक्विस्टच्या घरात मुली."

हॉल दचकला. वर्षभराची सवय मोडलेली. मग मागच्या टेबलावरून कुणीतरी, आणि मग सगळ्यांनी एकदम, "आणि न्हाणीघर एक!"

"दोन आहेत!" मार्व्ह ओरडला, आणि त्याला कुणी विचारलं नाही.

सहाव्या की सातव्या चेंडूला तो निघाला. ऑर्विलने चेंडू बघितला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"एन एकेचाळीस," तो म्हणाला. "उणे एकेचाळीस. यारेम्कोबाईंच्या लग्नाचा दिवस."

"आणि नवरदेव उशिरा!"

सगळे पहिल्या टेबलाकडे बघू लागले. यारेम्कोबाईंनी त्या दिवशी मान वर केली. "गाडी गोठली होती हो त्याची," त्या म्हणाल्या, पण ठसका काही जमला नाही. "वर्ष झालं रे ऑर्विल. वर्षभरात त्याला उशीर झाल्याचं कुणी बोललंच नव्हतं माझ्याशी." आणि त्यांनी नाक पुसून बाराच्या बारा कार्डांवर ठिपके दिले, त्यातल्या चारांवरच एकेचाळीस असूनही.

डार्लीनबाईंनी यंत्रावर चादर परत घातली. दुसऱ्या दिवशी ते गेलं.

मे महिन्यात बोड्रीबाई प्रकल्पाला गुण द्यायला स्वतः हॉलमध्ये आल्या. बादलीचे दहा गुण कापले. मग झाकण उघडून त्यांनी विचारलं, "या कपॅसिटरला हे बटण कशाला?"

"पावणेएकला बाजारभाव असतात," ऑर्विल म्हणाला. "लोकांचं मत घेतलं. पाच मिनिटं तो कपॅसिटर सुटीवर जातो. ऐकून होईपर्यंत ॲपल-पाय खायचा, ठिपके द्यायचे नाहीत." बोड्रीबाईंनी कापलेल्या दहांतले पाच परत दिले.

खेळ खेळच असतो, दर बुधवारी एकेचाळीस निघतोच असं नाही. तो निघाला नाही की हॉल रिकामा होताना यारेम्कोबाई कोटाची बटणं लावत ऑर्विलच्या टेबलाशी येतात आणि म्हणतात, "आज नाही निघाला."

ऑर्विल आवरलेली बादली पुन्हा जोडतो, माइकवर वाकतो आणि कुजबुजतो. खुर्च्या रचत असलेले, ताटं धूत असलेले, दारात बूट घालत असलेले, सगळे जागच्या जागी थांबून उत्तर देतात. मग बाई आपलं वाक्य म्हणतात आणि घरी जातात.